नजरचुकीने नव्हे

मास्तरांना सगळे वेलांटीमास्तर म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण मास्तरांचे कान तिखट होते, आणि खरं सांगायचं तर ते नाव त्यांना मनातून आवडायचं. एखाद्याला पहिलवान म्हणावं आणि त्यानं चालता चालता उगाच दंड फुगवावेत, तसं त्यांचं होई.

नाव पडलं ते चष्मेवाल्यामुळे. मास्तर गावच्या शाळेत जन्मभर भाषा शिकवून निवृत्त झाले आणि शहरात मुलाकडे राहायला आले. सकाळी फिरायला जायच्या रस्त्यावर चष्म्याचं एक दुकान होतं आणि त्याच्या पाटीवर 'नविन चष्मे मिळतील' असं ठसठशीत लिहिलेलं होतं. 'वि' पहिली. मास्तरांना ती वेलांटी डोळ्यात कुसळ गेल्यासारखी खुपायची. काही दिवस त्यांनी रस्त्याची बाजू बदलून पाहिलं. मग राहवेना, तेव्हा दुकानात शिरले आणि नवीन हा शब्द नेहमी दुसऱ्या वेलांटीनं लिहावा, असं त्याला समजावून सांगितलं. चष्मेवाला शांतपणे काच पुसत म्हणाला, "मास्तर, ज्याला ती वेलांटी दिसते त्याला चष्मा लागत नाही. पाटी मी बाकीच्यांसाठी लावलीय." तरी मास्तरांनी पाटी बदलून घेतलीच. त्या आळीत ते वेलांटीमास्तर झाले ते तेव्हापासून.

मुलाच्या लग्नात तर त्यांनी कमालच केली. त्यांचे व्याही घड्याळं दुरुस्त करायचे. हसरा माणूस, बोटं बारीक, बोलणं त्याहून बारीक. त्यांनी लेकीला आणि जावयाला भिंतीवरचं एक घड्याळ दिलं आणि आतल्या कागदावर स्वतःच्या हातानं 'अनेक आशिर्वाद' असं लिहिलं. मास्तरांनी भर मांडवात खिशातून पेन काढलं आणि 'शि' ची 'शी' केली. मास्तरीणबाई हयात असत्या तर तिथंच कपाळाला हात लावून बसल्या असत्या. व्याही मात्र पोट धरधरून हसले. म्हणाले, "करा व्याहीबुवा, दीर्घ करा. पोरीच्या वाट्याला ऱ्हस्व कशाला?" हा किस्सा पुढे मास्तर स्वतःच रंगवून सांगायचे.

असा माणूस घरी किती दिवस स्वस्थ बसणार? वर्तमानपत्र वाचता वाचता लाल पेनानं ते रंगवून टाकायचे आणि मुलाला रोज शिळ्या बातम्यांवर ताज्या दुरुस्त्या वाचाव्या लागायच्या. शेवटी कुणाच्या तरी ओळखीनं त्यांना विद्यापीठात काम मिळालं. भाषा विभागाचं एक षण्मासिक निघायचं. त्यात अर्ध्या नव्या कविता आणि अर्ध्या इतर भाषांतून आणलेल्या. त्याला मुद्रितशोधक हवा होता.

कचेरी म्हणजे जिन्यामागची एक खोली. पत्र्याचं कपाट होतं, ते उघडायला खालच्या कोपऱ्यात लाथ मारावी लागे. जुन्या अंकांचे गठ्ठे छतापर्यंत. खिडकीतून सायकली लावायची जागा दिसायची. संपादकबाई विभागाच्या प्रमुख होत्या. चष्मा डोक्यावर ठेवून तोच चष्मा दिवसभर शोधायच्या. पलीकडे संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्या बाई बसत. त्यांना सगळे जुळणीताई म्हणत. ताईंचा स्वभाव असा, की समोर काय लिहिलंय ते जसंच्या तसं जुळवायचं आणि त्याच्याशी आपला काही संबंध ठेवायचा नाही. कविता असो की परीक्षेचं वेळापत्रक, त्यांची बोटं सारख्याच वेगानं चालत.

मास्तरांना नवी कविता पचायला वेळ लागला. पहिल्याच अंकात एका तरुण कवीनं 'तु' एका ओळीत आणि 'टलो' खालच्या ओळीत लिहिलं होतं. मास्तरांनी ते दोन्ही तुकडे प्रेमानं एकत्र आणले, 'तुटलो' केलं आणि पुढे पूर्णविराम ठोकला. अंक हातात पडल्यावर तो कवी आला, स्टुलावर बसला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "तुम्ही मला जोडलंत." विभागात आठवडाभर हसणं चाललं होतं.

हसणं संपल्यावर संपादकबाईंनी मास्तरांना बोलावून एक नियम सांगितला. गद्यात काय हवं ते सुधारा. कवितेत शंका आली तर शब्दाला हात लावायचा नाही, पानाच्या कडेला समासात फक्त एक प्रश्नचिन्ह टाकायचं. प्रश्नचिन्ह असेल ते पान कवीकडे जाईल, नसेल ते थेट छापायला. बाई म्हणाल्या, "कवीला चुकायचा हक्क असतो, मास्तर. आपल्याला नसतो."

मास्तर नियमाचे पक्के. त्या दिवसापासून त्यांच्याइतकं सुबक प्रश्नचिन्ह त्या इमारतीत कुणी काढत नसे. नवे विद्यार्थी मदतीला आले की मास्तर त्यांना खुर्चीत बसवून तोच नियम अशा थाटात शिकवायचे, जणू त्यांनीच तो शोधून काढला होता.

आता सूनबाईंचं सांगायला हवं, कारण गोष्ट त्यांच्यापाशीच जाऊन अडणार आहे. सून एका औषध कंपनीत भाषांतराचं काम करायची. गोळ्यांच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो ना, जो कुणी वाचत नाही, तो ती लिहायची. परकी भाषा मन लावून शिकलेली. मास्तरांशी तिचं गूळपीठ होतं. 'उपाशीपोटी' हा एक शब्द की दोन, असल्या गोष्टींवर दोघं स्वयंपाकघरात तासन् तास घोळ घालत बसायचे आणि मुलगा बिचारा आपलं ताट आपणच वाढून घ्यायचा. ती मास्तरांना बाबा म्हणायची. आपल्या वडिलांनाही, त्या घड्याळवाल्या व्याह्यांनाही, बाबाच म्हणायची. दोन्हीकडे अहो-जाहो.

व्याही या सगळ्याच्या आदल्या वर्षी गेले. शेवटी त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. सून महिनोन् महिने तिकडे जाऊन-येऊन होती. मास्तर एकदा भेटून आले होते. व्याह्यांनी त्यांना गिऱ्हाईक समजून घड्याळ संध्याकाळी मिळेल असं सांगितलं होतं. मास्तर घरी आले, दोन दिवस गप्प होते, आणि मग विसरले. माणूस विसरतो, त्यात नवल नाही. पण काय विसरला ते त्याला कुठल्या वेळी आठवतं, त्यावर पुढचं सगळं असतं.

पुढच्या वर्षी पावसाळ्यानंतरच्या अंकाची मुद्रितं आली. अनुवादित कवितांची पानं चाळता चाळता मास्तरांना सुनेचं नाव दिसलं. त्यांना पत्ता नव्हता. वशिल्याचा बोभाटा नको म्हणून तिनं कविता परस्पर बाईंकडे पाठवली होती. मास्तरांची छाती फुगली. खुर्ची पुढे ओढून, चष्मा पुसून ते वाचायला बसले.

कुठल्याशा थंड देशातल्या कवयित्रीची कविता होती. त्या भाषेतही आपल्यासारखंच, थोरांना तुम्ही आणि जवळच्यांना तू. कवितेत एक म्हातारा माणूस आहे आणि त्याला सांभाळणारी बाई आहे. ती त्याच्याशी बोलते. बाबा, तुम्ही दारात उभे आहात. बाबा, तुम्ही विचारता की मी कुणाची. तुम्ही टोपी शोधता, ती तुमच्याच हातात आहे. असं सगळं तुम्ही, तुम्ही, तुम्ही. आणि मग शेवटी दोनच ओळी:

थांब.
तुझं बटण चुकलंय.

मास्तरांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

कारण तसंच झालं होतं. थोड्याच दिवसांपूर्वी ते सकाळी घाईनं निघाले होते, सदऱ्याची बटणं एक घर चुकून लागली होती, आणि सुनेनं त्यांना दारातच थांबवून ती सगळी काढून पुन्हा नीट लावून दिली होती. जिन्यात शेजारी उभा होता. तो गमतीनं म्हणाला होता, "काय सूनबाई, मास्तरांना शाळेत सोडताय वाटतं?" मास्तर हसले होते, पण ते हसणं जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंतसुद्धा टिकलं नव्हतं.

म्हणजे हा म्हातारा मी, असं त्यांच्या मनानं घेतलं. विभागातले सगळे आता वाचणार. सून सासऱ्याची बटणं लावते, एवढंच नाही, त्याला चारचौघांत अरे-तुरे करते. वेलांटीमास्तरांना आता वेलांटी सोडा, बटणही कळत नाही, असं लोक म्हणणार.

त्यांनी पेन उचललं. 'थांब' ला काना दिला. 'तुझं' खोडून 'तुमचं' केलं. मनाशी व्याकरणही तयार होतं. कवितेत आधी सगळीकडे तुम्ही आहे, शेवटी एकदम तू, म्हणजे विसंगती. विसंगती काढणं हे मुद्रितशोधकाचं काम.

मग हात समासाकडे गेला. प्रश्नचिन्हाची जागा तीच. पेनाचं टोक कागदाला टेकलं, एक ठिपका उमटलासुद्धा. मास्तरांनी हात मागे घेतला आणि पान उलटलं.

अंक निघाला. विभागाच्या सभागृहात छोटासा कार्यक्रम होता. कवी आपापल्या कविता वाचणार, मग चहा. मुलगा सुट्टी काढून आला होता. सून ठेवणीतली साडी नेसली होती आणि हातातल्या रुमालाची सारखी घडी करत होती. अंक सगळ्यांच्या हातात तिथंच पडला. तिनं आपलं पान उघडून ठेवलं, पण वाचलं नाही. स्वतःचं छापलेलं नाव बघण्यातच तिचा वेळ गेला.

तिची पाळी आली. तिनं सुरेख वाचलं. आवाज जरा कापरा होता, तो कवितेला शोभला. सभागृह हळूहळू शांत होत गेलं. टोपीच्या ओळीवर कुणीतरी हलकेच हसलं आणि लगेच गप्प झालं. मास्तर तिसऱ्या रांगेत बसून मान खाली घालून ऐकत होते.

शेवटच्या ओळीपाशी ती थांबली. लोकांना वाटलं, कविताच तशी आहे. तिनं पान डोळ्यांजवळ नेलं, पुन्हा लांब केलं. मग जे छापलं होतं ते वाचलं. थांबा. तुमचं बटण चुकलंय.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगल्या, सभ्य टाळ्या. कविता संपली की वाजवतात तशा.

चहाच्या टेबलापाशी तिनं बाईंना हळूच सांगितलं की शेवट बदललाय. बाईंनी डोक्यावरचा चष्मा शोधला, डोळ्यांवर चढवला, पान वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. जुळणीताई कपबशा गोळा करत होत्या. बाईंनी सगळ्यांच्या देखत त्यांना विचारलं की जुळणीत हे काय होऊन बसलं. ताईंनी मास्तरांकडे पाहिलं.

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य पुरे होतं, कर्ता आणि क्रियापद असलेलं साधं वाक्य. मास्तरांनी बशीतला चहा फुंकला आणि म्हणाले, "नजरचूक झाली असेल कुठंतरी."

कर्ता नाही. जन्मभर पोरांना कर्ता ओळखायला शिकवलेला माणूस, आणि ऐन वेळी वाक्यातून कर्ताच पळाला. ताईंनी कपबशा उचलल्या आणि त्या आत निघून गेल्या.

घरी आल्यावर सून मास्तरांच्या खोलीत आली. तिला दुसऱ्या कुणाशी बोलायचं नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, तुम्हालाच कळेल म्हणून सांगते. ती सगळी कविता मी त्या एका 'तू' साठी केली हो." मग तिनं सांगितलं. शेवटच्या दिवसांत तिचे वडील तिला आई म्हणून हाक मारायचे. ती बाबा, तुम्ही, असं कितीही म्हणाली तरी ओ द्यायचे नाहीत, इकडेतिकडे बघत बसायचे, जणू दुसऱ्याच कुणाला बोलवतेय. एकदा सदऱ्याची बटणं लावताना तिच्या तोंडून तू गेलं. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि ओ दिली. त्यानंतर जाईपर्यंत ती त्यांना तूच म्हणत होती, आणि हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नव्हतं. त्या परक्या कवितेत तेच सापडलं तेव्हा ती कंपनीत खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन उभी राहिली होती.

"अशी चूक होते कशी, बाबा?" तिनं विचारलं. खरंच विचारलं, जाणकाराला विचारावं तसं.

मास्तरांना घड्याळ संध्याकाळी मिळेल असं सांगणारा तो माणूस आठवला. तो आत्ता आठवला. दीर्घ करा व्याहीबुवा, म्हणणाराही आठवला. ते म्हणाले की उद्या चौकशी करतो. ती त्यांच्यासाठी पाणी ठेवून गेली. ते पाणी त्यांना पिववेना.

सकाळी ते कचेरीत सगळ्यांच्या आधी पोचले. ताई आल्या, संगणकावरचं कापड काढलं, घडी केली. मास्तरांनी घसा साफ करून सांगितलं की ती दुरुस्ती आपली होती.

"मला काय सांगता?" ताई म्हणाल्या. "तुमचं अक्षर मी रोज बघते. ज्यांच्यासमोर माझ्यावर ढकललंत, त्यांच्यासमोर सांगा."

बाई येईपर्यंत मास्तर उभेच होते, बसले नाहीत. बाई आल्या तेव्हा ताईंसमोर त्यांनी सगळं सांगितलं. बटणाचं सांगितलं, शेजाऱ्याचं सांगितलं, विसंगतीचं व्याकरण मात्र काढलं नाही. बाईंनी सगळं ऐकून एकच विचारलं, की समासात प्रश्नचिन्ह का नाही टाकलंत?

"टाकलं असतं तर पान तिच्याकडे गेलं असतं," मास्तर म्हणाले, "आणि तिनं तू ठेवलं असतं."

बाई म्हणाल्या की शुद्धिपत्राची चिठ्ठी छापू आणि अंकात घालू. मजकूर तुम्हीच लिहा. एवढं म्हणून त्या तासाला गेल्या. जाताना त्यांनी नेहमीसारखा 'मास्तर' अशी हाक मारून निरोप घेतला नाही, ते मास्तरांना पाठीवर जाणवलं.

मास्तर लिहायला बसले. शुद्धिपत्राची भाषा त्यांना पाठ होती. 'शेवटच्या दोन ओळी नजरचुकीने बदलल्या गेल्या.' लिहून झालं आणि त्यांनी ते वाचून पाहिलं. सगळ्या वेलांट्या बरोबर होत्या. फक्त ते खरं नव्हतं. नजर कुठं चुकली होती? नजर अगदी लख्ख होती. त्यांनी 'नजरचुकीने' खोडलं. 'बदलल्या गेल्या' खोडलं. आणि नव्यानं लिहिलं: 'या कवितेच्या शेवटच्या दोन ओळी मुद्रितशोधकाने अनुवादिकेला न विचारता बदलल्या. तिच्या ओळी अशा आहेत.'

ताईंनी नेहमीप्रमाणे जसंच्या तसं जुळवायला घेतलं. 'मुद्रितशोधकाने' या शब्दाशी त्यांची बोटं जरा अडखळली. असं कुणी छापत नाही मास्तर, असं काहीसं त्या पुटपुटल्या, आणि पुढे जुळवत गेल्या.

पहिली चिठ्ठी मास्तरांनी स्वतः घरी नेली. सून स्वयंपाकघरात होती. त्यांनी चिठ्ठी ओट्यावर ठेवली आणि दाराशी उभे राहिले. तिनं ओले हात पदराला पुसले आणि वाचली. पुन्हा वाचली. मुद्रितशोधक म्हणजे कोण, हे त्या घरात सांगायची गरज नव्हती.

"तुम्हाला वाटलं, तुमच्यावर आहे?"

मास्तरांनी होकाराची मान हलवली.

तिनं चिठ्ठी पुन्हा ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "त्या सकाळी दारात मी काय म्हणाले होते, आठवतंय बाबा? थांबा, तुमचं बटण चुकलंय. अस्संच म्हणाले होते. तुम्हाला मी तू कशी म्हणेन?"

तेव्हा मास्तरांच्या ध्यानात आलं. तिची कविता तिच्या वडिलांवर होती. आपल्यावर नसावी म्हणून त्यांनी ती बदलली, आणि बदलून शब्दन् शब्द आपल्यावर करून ठेवली. भर सभेत तिला ती वाचायला लावली. त्यांनी हात जोडले, पण ते तिला दिसले नाहीत. ती गॅसकडे वळली होती.

तिनं भांडण केलं नाही, अबोला धरला नाही. मुलाला तिनं सांगितलं की नाही, तेही मास्तरांना कधी कळलं नाही. पण पुढे बरेच दिवस ती त्यांच्याशी फार शुद्ध बोलत होती. बाबा, आपण जेवून घ्यावं. बाबा, आपला चष्मा इथे ठेवला आहे. एकाही वाक्यात दुरुस्तीला जागा नसायची. 'उपाशीपोटी' चा विषय कुणी काढला नाही, आणि मुलाला आपलं ताट गरम गरम वाढलेलं मिळू लागलं.

चिठ्ठ्या नुसत्या पानात घातल्या की गळून पडतात. म्हणून मास्तरांनी गोंदाची बाटली आणली आणि शिल्लक होते तेवढ्या सगळ्या अंकांत त्या एकेक करून चिकटवल्या. प्रत्येक वेळी पानावरच्या आणि चिठ्ठीवरच्या ओळी डोळ्यांखालून जात. गेलेल्या अंकांसाठी ते लोकांच्या घरी गेले. एका कवीनं दार उघडलं, तोच तो 'तु' आणि 'टलो' वाला. त्यानं चिठ्ठी वाचली, मास्तरांकडे पाहिलं, आणि आत जाऊन अंक घेऊन आला. विभागात आता त्यांना गोंदमास्तर म्हणतात. हे नावही त्यांच्या कानावर आलंय. या नावाला मात्र ते दंड फुगवत नाहीत.

परवा ते विद्यापीठाच्या वाचनालयात गेले होते. कोपऱ्यातल्या टेबलावर एक अनोळखी बाई तोच अंक उघडून बसली होती, आणि पान तेच. चिठ्ठी नव्हती. कुणीतरी काढली असेल, किंवा या अंकात चिकटवायची राहिली असेल. मास्तर जवळ जाऊन उभे राहिले. त्या बाईला वाटलं, जागा हवी असेल, म्हणून तिनं पिशवी उचलली. मास्तरांचा पाय निघेना. तिनंच मग अंक त्यांच्याकडे वळवला आणि म्हणाली, "ही वाचलीत का? चांगली आहे कविता."

मास्तरांनी पिशवीतून गोंदाची बाटली काढली.

"यापेक्षा चांगली आहे," ते म्हणाले. "मी बिघडवलीय ती."